पटावरची नीती आणि पडद्यावरची

खेळ आणि शहाणपण यांचे आपल्या घरांतून फारसे सख्य कधीच नव्हते. ‘पुरे झाला खेळ, आता अभ्यासाला बस,’ हे वाक्य जिथे ऐकू येत नाही असे मराठी घर विरळाच. खेळ संपला की शहाणपण सुरू व्हायचे, अशी ही जुनी वाटणी आहे. दिवाळीच्या सुटीत मुले पडद्यासमोर बसलेली पाहून वडीलधाऱ्यांच्या कपाळावर जी आठी चढते, तिच्या मुळाशीही हीच वाटणी असते. अशा वेळी कुणी येऊन सांगू लागला की व्हिडिओ गेममधून मुलांना शिकविता येते, दोन राष्ट्रांचे वैर समजावून देता येते, फार काय, युद्धात होरपळणाऱ्यांविषयी कणव उत्पन्न करता येते, तर तो माणूस आपल्याला एक तर गेम विकणारा वाटतो, नाही तर अगदीच भाबडा.

पण ही कल्पना आपल्याला वाटते तितकी परकी नाही. ज्याचे कर्तेपण परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते तो मोक्षपट काय होता? पटावरील घरांना सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावे, दुर्गुणाच्या घरी साप, सद्गुणाच्या घरी शिडी, आणि सर्वांत वर मोक्ष. एकोणिसाव्या शतकात हा पट इंग्लंडला गेला, तिथे हळूहळू त्याची नावे पुसली गेली आणि नुसती सापशिडी उरली. सापशिडीत मौज राहिली, नीती गळाली. आणि तरीही खेळाचे काही अडले नाही! याचे कारण उघड आहे. क्रोधाच्या घरातला साप सोंगटीला गिळतो तो खेळणारा रागावला म्हणून नव्हे, तर दान तसे पडले म्हणून. नीती घरांच्या नावांत होती. खेळाच्या नियमांत होते ते केवळ दैव. म्हणूनच नावे पुसता आली.

उपदेश करू पाहणाऱ्या कोणत्याही खेळाची पारख यावरूनच करावी असे मला वाटते. खेळ काय सांगतो हे पाहू नये. तो खेळणाऱ्याला काय करावयास लावतो हे पाहावे. सांगितलेले मूल विसरते. हातून घडलेले सहसा विसरत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने २००५ साली ‘फूड फोर्स’ नावाचा गेम काढला. हिंदी महासागरातील शेलन नावाच्या एका काल्पनिक बेटावर दुष्काळ आणि यादवी यांचा कहर झाला आहे, आणि तिथे अन्न पोहोचवावयाचे आहे. यात सहा कामगिऱ्या आहेत. विमानातून पोती टाकणे, मालमोटारींचा तांडा हाकणे, ही कामे करताना दुष्काळाच्या जागी दुसरे काहीही ठेवले तरी खेळाला धक्का लागत नाही. पण एका कामगिरीत तांदूळ, कडधान्य, तेल, साखर आणि मीठ यांचे प्रमाण जमवून माणशी दिवसाला तीस अमेरिकन सेंटांत पोटभर आणि पोषक शिधा बसवावयाचा असतो. महिनाअखेरीची सामानाची यादी करणाऱ्या गृहिणीला हा खेळ कुणी समजावून सांगावा लागणार नाही. तेल वाढवावे तर पैसे संपतात, तांदूळ वाढवावा तर नुसते पोट भरते. इथे धडा नियमातच मुरलेला आहे. बाकीच्या पाच कामगिऱ्यांत तो वर्ख लावल्यासारखा वरवर आहे.

याच्या उलट टोकाला उरुग्वेच्या गोन्झालो फ्रास्का यांचा २००३ सालचा ‘सप्टेंबर १२’ आहे. पडद्यावर मध्यपूर्वेतील एक गजबजलेले गाव. बाजारात बायका-मुले हिंडताहेत, मधूनच एखादा बंदूकधारी. तुमच्या हाती क्षेपणास्त्र. नेम धरून सोडावे तर ते पोहोचेपर्यंत बंदूकधारी पुढे सरकलेला असतो, आणि मरते भलतेच कुणी. मेलेल्यापाशी माणसे गोळा होऊन रडतात. रडता रडता त्यांतलेच काही बंदूकधारी होतात. या खेळात जिंकणे नाही, हरणेही नाही. हे एक उत्तम व्यंगचित्र आहे. व्यंगचित्राचे सामर्थ्य त्यात आहे आणि मर्यादाही. दोन मिनिटांत मर्म कळते आणि तिसऱ्या मिनिटाला काही उरत नाही. शिवाय ज्याच्या हाती एकच हत्यार दिले आहे त्याला ‘हे हत्यार निरुपयोगी आहे’ असे पटविणे सोपे असते. गेम बनविणारा निष्कर्ष आधी काढतो आणि नियम मागाहून रचतो, हे इथे लपत नाही.

मुत्सद्देगिरीचा खेळ म्हणून ज्याचे नाव घ्यावे तो ‘पीसमेकर’ २००७ साली निघाला. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका उपक्रमातून तो जन्मला. खेळणाऱ्याने इस्रायलचा पंतप्रधान व्हावे किंवा पॅलेस्टाईनचा अध्यक्ष. मधूनमधून खऱ्या बातम्यांची चित्रे समोर येतात: कुठे बाँबस्फोट झाला, कुठे निदर्शने झाली; आणि प्रत्येक वेळी काही तरी निर्णय घ्यावा लागतो. गेम इंग्रजीबरोबर हिब्रू आणि अरबी भाषेतही खेळता येत असे, ही गोष्टही लहान नव्हे. पण त्याची खरी बुद्धिमत्ता एका नियमात आहे. केवळ आपल्या लोकांना खूष करून तुम्ही जिंकू शकत नाही. दोन्ही समाजांचे समाधान एकाच वेळी वाढावे लागते. लष्कर पाठवावे तर घरी टाळ्या पडतात आणि पलीकडचा पारा चढतो. सवलत द्यावी तर पलीकडे थोडा विश्वास येतो आणि घरचेच लोक तुम्हाला फितूर ठरवितात. मग खुर्ची बदलून तोच डाव पुन्हा मांडावा. अधिकार निराळे, पैसा निराळा. कालपर्यंत जो हटवादी वाटत होता त्याचे हात किती बांधलेले आहेत ते आता कळते. भाऊबंदकीचे दावे पाहिलेल्या कुटुंबांना या खुर्चीबदलाचे मोल वेगळे सांगावयास नको.

तरीही एक शंका राहतेच. ‘पीसमेकर’मध्ये शांतता कुठे तरी आहे हे गृहीत आहे, पावले बिनचूक पडली की ती हाती लागते. २००७ नंतरच्या वर्षांनी, विशेषतः ऑक्टोबर २०२३ पासूनच्या संहाराने, या गृहीतावर जे ओरखडे काढले ते पाहिले म्हणजे हा खेळ गणितासारखा वाटू लागतो. गणिताला उत्तर असते. तरीसुद्धा, उत्तर आहे असे मानल्यावाचून वाटाघाटीला कुणी बसतच नाही, हेही तितकेच खरे.

या सर्वांहून अधिक खोल जाणारा गेम म्हणजे पोलंडमधील ‘इलेव्हन बिट स्टुडिओज’ने २०१४ साली काढलेला ‘धिस वॉर ऑफ माइन’. युद्धावरचे बहुतेक गेम सैनिकाच्या हातातील बंदुकीमागून जग पाहतात. इथे सैनिक नाही. वेढा पडलेल्या पोगोरेन नावाच्या काल्पनिक शहरातील एका मोडक्या घरात काही साधी माणसे आसऱ्याला आली आहेत. ब्रूनो उत्तम स्वयंपाकी, पाव्हले फुटबॉल खेळणारा, कात्या वार्ताहर. दिवसा बाहेर पडावे तर नेमबाज टिपतात. म्हणून दिवसा डागडुजी करावी, चूल पेटवावी, पावसाचे पाणी धरावे. आणि रात्री एकाने अंधारात जाऊन अन्न, औषध, लाकूडफाटा मिळेल तिथून आणावा. मागे पहाऱ्याला कोण, झोपावयाचे कुणी, हे तुम्ही ठरवायचे. १९९२ ते १९९६ अशी जवळजवळ चार वर्षे चाललेल्या सारायेव्होच्या वेढ्यावरून हे सुचले आहे.

या शहरात एक शांत घर आहे. तिथे एक म्हातारा आणि त्याची आजारी बायको राहतात. घरात अन्न आहे, औषधे आहेत, आणि प्रतिकार करण्याची ताकद कुणातच नाही. म्हातारा मागे मागे येत राहतो, औषधे नेऊ नका म्हणून विनवतो. तुमच्या घरी माणूस तापाने फणफणला आहे. इथे गेम तुम्हाला अडवीत नाही, बोट उगारीत नाही, गुणही कापीत नाही. पिशवी भरून तुम्ही सुखरूप परत येता. मग सकाळी तुमचीच माणसे खिन्न होऊन बसलेली दिसतात. ज्याने चोरी केली त्याचे हातपाय चालत नाहीत. घरातली दुसरी माणसेही त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहतात. पुन्हा कधी त्या घरी गेलात तर तिथे विनवायला कुणी उरलेले नसते. एकही सुविचार न सांगता हा गेम जे करतो ते हेच.

त्यातही उणीव आहे, आणि ती सांगितलीच पाहिजे. एकदा खेळलेल्या माणसाला कोणत्या घरात काय मिळते हे पाठ होते. दुसऱ्या डावात माणसे दिसेनाशी होतात आणि साठ्याची वही तेवढी दिसू लागते. शेजाऱ्याला मदत केली की तो पुढे काही तरी आणून देतो, तेव्हा परोपकाराचाही हिशेब मांडण्याचा मोह होतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सगळे मेले तरी नवा डाव मांडता येतो. सारायेव्होत तो मांडता येत नव्हता. म्हणून हा गेम खेळला म्हणजे वेढ्यातले दुःख भोगले असे कुणी म्हणेल तर तो उद्धटपणा होईल. दुःखाचा अनुभव गेम देत नाही. दुःखात निवड करणे किती कठीण असते याची चुणूक मात्र देतो, आणि तेवढे कलेला पुरे आहे.

पोलंडच्या सरकारने २०२० साली हा गेम शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत, अठरा वर्षे झालेल्या विद्यार्थ्यांसाठी, घेण्याचे जाहीर केले. या निर्णयाचे कौतुक करावे, पण थोडे बेतानेच. आपल्या पाठ्यपुस्तकांत गेल्यावर चांगल्या कवितांचे काय झाले हे आपण जाणतोच. ‘ब्रूनोच्या स्वभावाचे दोन विशेष लिहा’ असा प्रश्न ज्या दिवशी परीक्षेत येईल, त्या दिवशी म्हाताऱ्याच्या घरातली ती रात्र संपली असे समजावे. मला अधिक मोल वाटते ते दुसऱ्या एका घटनेचे. २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा या गेमच्या निर्मात्यांनी त्याचा एका आठवड्याचा नफा युक्रेनच्या रेडक्रॉसला दिला. वेढ्यातल्या शहराची गोष्ट सांगून मिळालेला पैसा वेढ्यातल्या शहरांकडे गेला.

मात्र हेच साधन उलट्या दिशेनेही चालते हे विसरून चालणार नाही. अमेरिकेच्या सैन्याने २००२ साली ‘अमेरिकाज आर्मी’ हा गेम फुकट वाटला, तो तरुणांना सैन्याची ओढ लागावी म्हणून. २०२२ पर्यंत तो चालू होता. तिथेही खेळणारा काही तरी शिकतच होता. खेळ शिकवितो, हा वादाचा विषयच नव्हे. काय शिकवितो आणि नियम कुणी लिहिले, हा आहे. पुस्तकातला लेखक आपले मत मांडतो तेव्हा आपण ते ओळखतो. नियमात दडलेले मत मात्र जगाचा स्वभावच असावा तसे भासते.

म्हणून कपाळावरची आठी थोडी सैल करून वडीलधाऱ्यांनी मुलाच्या शेजारी जरा बसावे. ‘किती गुण झाले?’ असे विचारू नये. ‘तू तिथे काय केलेस, आणि दुसरे काय करता आले असते?’ असे विचारावे. ज्या खेळाला हा प्रश्न विचारताच येत नाही, तो करमणूक म्हणून बरा. सणासुदीला करमणूकही हवीच. पण ज्या खेळात या प्रश्नावर मूल क्षणभर गप्प होते, तो खेळ त्याला आणखी थोडा वेळ खेळू द्यावा. अभ्यास काही पळून जात नाही.