‘म्हणे’चा लोप आणि मध्यस्थाचे दायित्व

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावडे लागते. तेथे कोणी ‘पोरं पळवणारी टोळी आली म्हणे’ असे बोलला, तर शेवटच्या एका शब्दाने पुष्कळ काही सांगितले जाते. बोलणाऱ्याने टोळी पाहिलेली नाही, वार्ता दुसऱ्याची आहे आणि तिच्या खरेपणाची हमी तो घेत नाही. ‘कोण म्हणे?’ असे विचारण्याची वाटही श्रोत्यास मोकळी राहते. एवढ्याने अफवा थांबते असे नव्हे. तोंडी अफवांनीही माणसांचे बळी घेतले आहेत. परंतु वार्तेवरील परकेपणाची ही खूण बोलीत प्रत्येक वक्त्यास नव्याने करावी लागते, आणि ती करताना तो क्षणभर तरी विचार करतो.

व्हॉट्सॲपवर पुढे पाठविलेल्या संदेशात हा क्षणच उरत नाही. वाक्य नव्याने उच्चारावे लागत नसल्याने ‘म्हणे’ जोडण्याचा प्रसंग येत नाही. अज्ञाताचे विधान मामाच्या किंवा शेजाऱ्याच्या नावाखाली उमटते आणि त्याची पत त्या विधानास लाभते. हा भाषिक बदल पाठविणारा करीत नाही. तो साधनाच्या रचनेत आहे.

याचे मोल धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात मोजावे लागले. १ जुलै २०१८ रोजी राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार केले. त्या सुमारास देशभर फिरणाऱ्या अशा संदेशांत कराचीत बालसुरक्षेच्या प्रचारासाठी केलेली एक चित्रफीतही होती. तिचा उद्देश सांगणारा शेवट मात्र कापलेला होता. २०२४ मध्ये राईनपाडा प्रकरणी सात आरोपींना जन्मठेप झाली. हातांना शिक्षा मिळाली. वार्तेच्या वाहनाचा प्रश्न शिल्लक राहिला.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यातील कलम ७९ या वाहनास ‘मध्यस्थ’ मानते. त्याने संदेश स्वतः सुरू केला नाही, ग्रहणकर्ता निवडला नाही, मजकूर निवडला वा बदलला नाही आणि उचित दक्षता घेतली, तर तो दायित्वातून सुटतो. ही कसोटी टपाल खात्यास शोभणारी आहे. उक्ती म्हणजे केवळ मजकूर, हे तिचे गृहीतक भाषाशास्त्रास मान्य होण्यासारखे नाही. अक्षर न बदलताही वक्ता पुसता येतो, आणि वक्ता पुसला की अर्थ बदलतो.

वक्त्यालाच धरावे, हा उपाय ठाणे जिल्ह्याने पाहिला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघर अद्याप त्याच जिल्ह्यात असताना, मुंबईतील बंदविषयीच्या फेसबुकवरील मजकुरासाठी आणि त्यास पसंती दर्शविल्याबद्दल दोन तरुणींना अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६अ रद्द केले. शासनाने सत्यासत्य ठरवावे, हा मार्गही २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंद केला. केंद्राच्या तथ्य-तपासणी कक्षाचा नियम घटनाबाह्य ठरला. २०२१ चे नियम खाजगी संदेशाचा पहिला प्रेषक शोधू पाहतात. त्यासाठी सर्वांच्या संदेशांची गुप्तता पणास लावावी लागेल, असा व्हॉट्सॲपचा आक्षेप आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. शिवाय पहिला प्रेषक सापडून तरी काय साधणार? कराचीच्या चित्रफितीचा मूळ कर्ता निर्दोषच होता.

तेव्हा मध्यस्थास जाब विचारावयाचा तो दुसऱ्याच्या उक्तीबद्दल नव्हे, स्वतःच्या कृतीबद्दल. ती कृती त्याच्या हातची आहे, याची साक्ष त्यानेच दिली आहे. राईनपाड्यानंतर त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने अशा संदेशांवर ‘फॉरवर्डेड’ ही खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे धाडण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. मजकूर न वाचता, गुप्तता न मोडता हे करता आले. जे पाच बळींनंतर शक्य झाले ते आधी का शक्य नव्हते, हा प्रश्न ‘उचित दक्षता’ या शब्दांच्या कक्षेत आणणे कायद्यास अवघड नसावे.

त्या खुणेची भाषाही तपासण्याजोगी आहे. ‘फॉरवर्डेड’ एवढेच सांगते की वाक्य दुसरीकडून आले. पाठविणारा त्याची हमी घेत नाही, हे ‘म्हणे’चे अर्धे काम ती करीत नाही. आणि तोच मजकूर नकलून नव्या संदेशात चिकटविला की खूणही जाते.