पकड आणि सुटका

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या दिवशी, तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा सुरू होते. तिथल्या घोडेबाजारात जाणकार माणूस घोडा कसा पारखतो, ते उभं राहून बघावं. आधी दात, मग खूर, मग चाल. किमतीचा शब्द सगळ्यांत शेवटी. यंदा त्या यात्रेला माझ्या प्रीमियर पद्मिनीतून जायचं ठरवलं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर तिला धुऊन पत्र्याच्या शेडमध्ये लावलं होतं, ती तेव्हापासून तशीच उभी. निघायला बसलो, इंजिन सुरू झालं, पण क्लच सोडताच गाडी मागे किंचित दबली आणि बंद पडली. मागचं डावं चाक जाम होतं. नंदुरबारच्या मिस्त्रींना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "भाऊ, जोर लावू नका. मी येतो."

त्या दुपारी मी ड्रम ब्रेक पहिल्यांदा नीट पाहिला. पद्मिनी ही कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची गाडी, 1089 सीसीची, मूळ घराणं फियाट 1100 चं, आणि तिच्या चारही चाकांना ड्रमच. लुई रेनॉ यांनी 1902 मध्ये ज्या रचनेला आधुनिक रूप दिलं, तिचा गाभा इथेही तोच. चाकाबरोबर फिरणारा ओतीव लोखंडाचा ड्रम, त्याच्या आत समोरासमोर दोन अर्धगोल शू, त्यांच्यावर लायनर, म्हणजे ड्रमला घासणारं अस्तर. पायाचा दाब ब्रेक ऑइलमधून व्हील सिलिंडरपर्यंत येतो, शू फाकतात आणि ड्रमला आतून भिडतात. खरी गंमत यापुढे आहे. फिरणारा ड्रम एका शूला आपल्याबरोबर ओढू पाहतो आणि त्या ओढीनेच तो शू आणखी घट्ट बसतो. म्हणजे गाडीचा वेगच तिला थांबवायला हातभार लावतो. तोरणमाळचा घाट उतरताना पायाला जेवढं बळ जाणवतं, त्याहून जास्त काम चाकात होत असतं, ते यामुळे.

पण पकडीचं हे वैभव पाहताना सुटकेकडे दुर्लक्ष होतं. ब्रेक लावायला पाय आहे, ऑइलचा दाब आहे, ड्रमची ओढ आहे. ब्रेक सोडायला काय आहे? शू मागे खेचणाऱ्या स्प्रिंगा, आणि मास्टर सिलिंडरमधलं बारीकसं भोक, ज्यातून दाबलेलं ऑइल टाकीत परत जातं. पकडणारी बाजू दणकट, सोडणारी नाजूक. उभी गाडी बिघडते ती याच नाजूक बाजूने.

मिस्त्रींनी पुढच्या चाकांना दगड लावले, मागचं चाक जॅकवर घेतलं, हँडब्रेक सुटलेला आहे ना ते पाहिलं आणि व्हील सिलिंडरचं निपल अर्धा आटा सैल केलं. सगळं निदान या एका कृतीत आहे. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत कोंडलेला आहे. मग संशय मास्टर सिलिंडरच्या बुजलेल्या भोकावर, पेडलला थोडाही ढिलेपणा न उरण्यावर, किंवा आतून फुगलेल्या रबरी होजवर. अशा होजमधून पायाचा जोर ऑइल पुढे ढकलतो, पण स्प्रिंगांना ते मागे ढकलता येत नाही. निपल सैल करूनही चाक अडलेलंच राहिलं, तर दोष ड्रमच्या आत: हवेतली ओल शोषलेल्या ऑइलमुळे गंजून बसलेला व्हील सिलिंडरचा पिस्टन, आखडलेली हँडब्रेकची केबल, नाहीतर ड्रमला चिकटलेला लायनर.

आमचं चाक हललं नाही. मिस्त्रींनी शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा ॲडजस्टर मागे घेतला आणि लाकडी हातोड्याने ड्रमच्या कडेवर गोल फिरत हलके ठोके दिले. ठोका, थोडं फिरवून पाहणं, पुन्हा ठोका. सुरुवातीचा आवाज बद्द होता, जड भरल्या हंड्यासारखा. बऱ्याच वेळाने आत 'टक्' झालं आणि पुढचा ठोका घंटेसारखा वाजला. गिअरमध्ये रेस देऊन हिसका दिला असता, तर लायनर शूवरून उखडून निघाला असता.

ड्रम उतरवला. आतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर लायनरच्या मापाचा तांबूस ठसा उमटला होता, कडा अगदी रेखीव. धुतलेलं पाणी आत राहिलं, ओला लायनर लोखंडाला टेकून महिनोन्‌महिने बसला, आणि मधल्या गंजाने दोघांना सांधलं. चूक माझी होती. मिस्त्रींनी धूळ फुंकली नाही, ओल्या फडक्याने टिपली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जाऊ नये. मग ड्रम पॉलिशपेपरने साफ केला, रबर किट बदललं, नवं ऑइल भरून एअर काढली.

ज्यांच्या शेडमध्ये जुनी गाडी उभी आहे, त्यांना माझी विनंती आहे. गाडी धुतली की थोडी चालवा, हलका ब्रेक दाबत ड्रम सुकवा आणि मगच लावा. बरेच दिवस ठेवायची असेल, तर हँडब्रेक ओढू नका. गिअर टाका, चाकांना दगड लावा. महिन्यातून एकदा तरी चार चाकं फिरू द्या. आणि कधी ब्रेक चिकटलाच, तर हिसका देण्याआधी निपल सैल करून पाहा.