खेळाडू कोणाचा?

सदलग्याहून कोल्हापूर फार दूर नाही. दूधगंगेकाठची आमची तरुण मंडळी शाहू स्टेडियमवरून परतली, की रात्री देवळाच्या कट्ट्यावर तोच सामना पुन्हा एकदा खेळला जातो. परवा असाच वाद रंगला असता एकाने मध्येच विचारले, "कामोरानेसी जन्मला अर्जेंटिनात आणि विश्वचषक जिंकला इटलीसाठी. मग तो खेळाडू कोणाचा म्हणायचा?" वकिली सवयीने आम्ही जन्म, वंश आणि अधिवास यांचे नियम सांगू लागलो. परंतु सांगता सांगता आमच्या ध्यानात आले की नियम सांगून झाले तरी प्रश्न शिल्लकच राहतो. तो आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मौरो कामोरानेसी १९७६ साली अर्जेंटिनातील तांदिल गावी जन्मला. मेक्सिकोत काही वर्षे काढून २००० साली तो इटलीत वेरोना संघाकडे आला, आणि २००२पासून २०१०पर्यंत तुरीनच्या युव्हेंटस संघात उजव्या बाजूचा मध्यरक्षक म्हणून खेळला. पणजोबा इटलीतून गेलेले. त्या रक्ताच्या नात्यावर त्याला इटलीचे नागरिकत्व लाभले आणि २००६ साली बर्लिनमध्ये विश्वविजेत्या संघात तो उभा राहिला. आपण मनाने अर्जेंटिनाचेच आहोत हे त्याने कधी लपविले नाही. लुइस मोंती याची कथा तर याहून विलक्षण. १९३०चा अंतिम सामना तो अर्जेंटिनाकडून हरला आणि १९३४चा अंतिम सामना इटलीकडून जिंकला. दोन देशांतर्फे विश्वचषकाचा अंतिम सामना खेळलेला तो एकटाच.

तथापि कामोरानेसीची खरी परीक्षा आमच्या मते बर्लिनमध्ये झाली नाही. त्याच २००६ साली पंचांच्या नेमणुकांत ढवळाढवळ केल्याच्या प्रकरणात युव्हेंटसला दुसऱ्या श्रेणीत ढकलण्यात आले. गळ्यात विश्वविजेतेपदाचे पदक असलेला हा गडी पुढचा हंगाम त्या खालच्या श्रेणीत खेळला, आणि संघाबरोबरच पुन्हा वर आला. मनात काय होते ते त्याचे त्याला ठाऊक. आम्ही पाहतो ती मैदानावरची नोंद. ती नोंद सांगते की खेळाडू जसा संघाजवळ राहिला, तसा संघही त्याच्यासाठी शिल्लक राहिला. या दुसऱ्या गोष्टीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ते का जावे, हे कळण्यासाठी तुरीनहून पुण्याला यावे लागेल.

अराता इझुमी हे १९८२ साली जपानात जन्मले. आई जपानी, वडील गुजराती. सिंगापुरात खेळून २००६ साली ते कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल संघात आले, तेथून मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडे आणि २००९ साली पुणे एफ. सी.कडे. हेही मध्यरक्षकच. त्यांचा खेळ नजरेत भरण्यापेक्षा उपयोगी पडणारा: सतत धाव, चेंडू गमावला तर तो परत मिळविण्याची घाई, आणि आघाडीच्या गड्यांमागून नेमक्या वेळी पुढे घुसण्याची हातोटी. २०१२–१३च्या आय-लीगमध्ये पुणे संघ दुसरा आला, त्यात या कष्टाळू खेळाचा मोठा वाटा होता.

आता कायदा पाहू. कामोरानेसीला इटलीचा होण्यासाठी काही सोडावे लागले नाही. आपल्या राज्यघटनेचा नववा अनुच्छेद आणि १९५५चा नागरिकत्व कायदा दोन देशांचे नागरिकत्व एकत्र नांदू देत नाहीत. शिवाय २००८ साली केंद्र सरकारने ठरविले की भारतीय पारपत्र असेल त्यानेच भारताकडून खेळावे. तेव्हा इझुमींना जपानचे नागरिकत्व सोडणे भाग होते, आणि त्यांनी ते सोडले. २०१२ साली ते भारतीय झाले. नीलकंठ हे नावही त्यांच्याकडे आले. २०१३च्या फेब्रुवारीत कोचीला पॅलेस्टाइनविरुद्ध ते भारताकडून प्रथम खेळले. भारत तो सामना २–४ असा हरला. तोवर त्यांनी तिशी ओलांडली होती. ऐन उमेदीची वर्षे परदेशी खेळाडू म्हणून गेली आणि देशाच्या वाट्याला मोजकेच सामने आले.

नियम चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. नागरिकत्व म्हणजे पाहुण्याला द्यायचे पानसुपारीचे तबक नव्हे. आमचा आक्षेप निराळा आहे. आपण त्या गृहस्थाकडे निष्ठेचा पुरावा मागितला आणि तो त्याने सर्वात मोठी किंमत देऊन सादर केला. मग आपल्या बाजूने काय सादर झाले?

उत्तर लाजिरवाणे आहे. १९६२पासून चालत आलेला आणि २००५–०६ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र संघ मालकांनी २०१० साली बंद केला. पुणे एफ. सी.चा मुख्य संघ २०१५ साली आय-लीगमधून बाहेर पडला. पुढे इझुमी २०१६ साली एफ. सी. पुणे सिटीकडून खेळले. तो संघही २०१९ साली मोडला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ उभा राहिला. म्हणजे ज्या माणसाने या देशासाठी जन्मभूमीचे पारपत्र परत केले, त्याने महाराष्ट्रात ज्या तीन मोठ्या संघांची जर्सी अंगावर घातली, त्यांपैकी आज एकही मैदानावर नाही. खेळाडू राहिला, संघ गेले. न्यायालयात अशा व्यवहाराला एकतर्फी करार म्हणतात.

कोणी म्हणेल, संघ चालवायला पैसा लागतो, तोटा किती सोसायचा? म्हणणे रास्त आहे. तोट्यातले दुकान बंद करण्याचा हक्क मालकाला आहेच. पण मग ते दुकान होते असे आधीच सांगावे. गावाच्या नावाचा झेंडा त्यावर लावू नये. आणि दोष एकट्या मालकांचा तरी कसा म्हणावा? बालेवाडीच्या रिकाम्या बाकांचे मालक आपण प्रेक्षकच होतो.

कोल्हापुरात निराळे दिसते. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावे कोणा उद्योगपतीच्या हिशेबवहीतली नव्हेत. कुस्तीच्या आखाड्याभोवती पेठ जमली आणि पेठेनेच पुढे फुटबॉलचा संघ पोसला. तेथे ईर्ष्या आहे, प्रसंगी हुल्लडबाजीही आहे, आणि तिचे समर्थन आम्ही करणार नाही. पण हरलेल्या तालमीला दुसऱ्या दिवशी कुलूप लागत नाही. पेठ जोवर आहे तोवर संघ आहे.

आपल्या वाचकांना हे समजण्यास कठीण जाऊ नये. १५६० साली श्रीमंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेले. स्थान सुटले, पण महाजनांनी देव सोडला नाही, म्हणून आज त्या कुळांची माणसे कोठेही असली तरी त्यांना परत येण्याचे ठिकाण आहे. आमच्या सीमाभागाने तर १९५६ साली घर न हलविता राज्य बदललेले पाहिले. मुंबई राज्यात निजलेला माणूस म्हैसूर राज्यात जागा झाला. तो कोणाचा, हे सरकारी दप्तराने एका रात्रीत ठरविले. पण त्याला आपले म्हणणारे जे होते, ते दुसऱ्या सकाळीही तेच होते.

म्हणून कट्ट्यावरच्या त्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे: खेळाडू कोणाचा हे त्याच्या जन्मदाखल्यावरून कळत नाही, आणि केवळ पारपत्रावरूनही नाही. त्याच्यासाठी जो टिकून राहतो, त्याचा तो खेळाडू. युव्हेंटसने कामोरानेसीला आपला म्हटले तर तो त्याचा अधिकार आहे. इझुमींना आपले म्हणण्याचा अधिकार महाराष्ट्राने अद्याप मिळवावयाचा आहे. २०२५ साली रायन विल्यम्स या खेळाडूनेही ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले. या वेळी तरी त्याची निष्ठा मोजण्याआधी आपण आपली तपासून पाहावी.