हँड्स-फ्री म्हणजे नेमकं काय? एका गाजलेल्या पेपरची तपासणी

"गाडी चालवताना फोन हातात धरून बोला नाहीतर हँड्स-फ्रीवर बोला, धोका सारखाच" हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. रस्ते-सुरक्षेवर सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांच्या लिटरेचर रिव्ह्यूत ते हमखास येतं, आणि संदर्भ बहुतेक वेळा एकच असतो: रेडेलमायर आणि टिबशिरानी, १९९७. पेपर उघडून वाचणारे त्या मानाने थोडे. म्हणून आज तोच उघडू. पेपर उत्तम आहे, हे आधीच सांगतो. माझी तक्रार आहे ती त्याच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या वाक्याबद्दल, आणि थोडी पेपरमधल्या एका वर्गवारीबद्दल.

आधी वस्तू बघू

पेपरच्या आधी खुद्द वस्तू समजून घ्या. कंपनी फिटेड स्टिरिओ असलेल्या जुन्या गाडीत हँड्स-फ्री किट बसवताना काय करतात? स्टिरिओ डॅशबोर्डमधून बाहेर ओढतात. मागे कपलर असतात. आयएसओ प्रकारचे कपलर असतील तर एकातून बॅटरीची, किल्लीवर चालणारी आणि अर्थिंगची वायर येते, दुसऱ्यातून स्पीकरच्या वायरी जातात. किटसोबत आलेलं वायरिंग गाडीचा कपलर आणि स्टिरिओ यांच्या मधे बसतं. कॉल आला की किट 'म्यूट'च्या वायरीने स्टिरिओला गप्प करतं आणि समोरच्याचा आवाज गाडीच्याच स्पीकरमधून ऐकवतं. मायक्रोफोन वर, आरशाजवळ किंवा पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर लावतात. कपलर आयएसओ नसेल तर त्या मॉडेलचा अडॅप्टर लागतो. काही गाड्यांत कायम चालू राहणारी वायर आणि किल्लीवरची वायर यांच्या जागा उलट्या असतात. ते न बघता जोडलं तर किल्ली काढली की स्टिरिओची मेमरी पुसली जाते, किंवा काहीतरी रात्रभर चालू राहून बॅटरी उतरते.

आता स्वतःला विचारा: एवढा खटाटोप करून ड्रायव्हरचं कोणतं काम कमी झालं? फोन हातात धरणं गेलं. मान वाकडी करून खांद्यात फोन दाबणं गेलं. रेडिओचा आवाज कमी करायला हात पुढे नेणं गेलं. नंबर लावायचं काम गेलं की नाही, हे किटवर अवलंबून आहे. काही किट नाव उच्चारल्यावर नंबर लावतात, काहींत डॅशबोर्डवरचं बटण फिरवून यादी शोधावी लागते, आणि पुष्कळदा माणूस सरळ फोनच हातात घेऊन नाव शोधतो. ऐकणं, विचार करून उत्तर देणं, समोरचा चिडला असेल तर त्याची समजूत काढणं, हे मात्र जसंच्या तसं राहिलं.

म्हणजे 'हँड्स-फ्री' हा शब्द एक असला तरी त्यात हाताचं काम, डोळ्याचं काम आणि डोक्याचं काम अशी तीन वेगळी कामं गुंतलेली आहेत. किट पहिलं कमी करतं, दुसरं कधी कमी करतं कधी नाही, तिसऱ्याला हातही लावत नाही. एवढं डोक्यात ठेवून पेपरकडे चला.

पेपरने काय केलं

डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांचा हा पेपर फेब्रुवारी १९९७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. टिबशिरानी म्हणजे संख्याशास्त्रवाल्यांना 'लासो'मुळे माहीत असलेले तेच. डेटा कॅनडातल्या टोरांटोचा, जुलै १९९४ ते ऑगस्ट १९९५ या काळातला. मोबाईल असलेले आणि अपघात झालेले ६९९ ड्रायव्हर घेतले. अपघात असे, की गाडीचं बरंच नुकसान झालं पण कुणी जखमी झालं नाही. मग फोनच्या बिलांमधून २६,७९८ कॉल तपासले.

खरी हुशारी डिझाईनमध्ये आहे. फोनवाल्या ड्रायव्हरांची बिनफोनवाल्यांशी तुलना केली असती, तर तुम्ही लगेच म्हणाला असता की अहो, ही माणसंच वेगळी. जास्त फिरणारी, घाईतली. म्हणून त्यांनी प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच केली. अपघाताच्या आधीच्या १० मिनिटांत कॉल होता का? आणि आदल्या दिवशी त्याच वेळी होता का? याला केस-क्रॉसओव्हर म्हणतात. वय, स्वभाव, नजर, गाडी चालवण्याची सवय, सगळं आपोआप कापलं जातं.

हिशोब तुम्हीही वहीवर करू शकता. अपघाताआधीच्या १० मिनिटांत १७० जणांचा कॉल होता. आदल्या दिवशी त्या वेळी ३७ जणांचा. दोन्ही वेळी असलेले १३. ते दोन्हीकडून वजा करा, कारण त्यांच्याकडून तुलनेची काही माहिती मिळत नाही. उरले १५७ आणि २४. भागाकार साधारण ६.५.

पण आदल्या दिवशी त्या वेळी माणूस गाडी चालवत तरी होता का? घरी सोफ्यावर बसला असेल तर तुलना फसली. लेखकांना हे ठाऊक होतं. त्या वेळी गाडी चालवत असण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के धरून त्यांनी आकडा खाली आणला: ४.३. हाच तो प्रसिद्ध 'चौपट धोका'. पुढे २०१२ मध्ये रिचर्ड यंग यांनी एपिडेमिऑलॉजी या जर्नलमध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं. कंट्रोलच्या वेळेत लोक पूर्ण वेळ गाडी चालवत नसतात, थोडाच भाग चालवतात, त्यामुळे धोका फुगलेला दिसतो, असं त्यांचं म्हणणं. मूळ लेखकांनी दुरुस्ती केली होती. वाद ती पुरेशी होती का, याचा आहे. चांगल्या पेपरवर होणारी टीका अशी असते. त्यातलं गृहीतक उघड मांडलेलं असतं, म्हणून पंधरा वर्षांनीही कुणी येऊन ते तपासू शकतं.

आता ते वाक्य

फोन हातात धरणाऱ्यांसाठी धोका ३.९ पट, हँड्स-फ्रीवाल्यांसाठी ५.९ पट. दोन आकड्यांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. लेखकांचा निष्कर्ष एवढाच, की हँड्स-फ्रीमुळे सुरक्षिततेत फायदा झालेला दिसला नाही. 'दिसला नाही' हे शब्द तुम्ही अधोरेखित करा, कारण पुढे संदर्भातून संदर्भात जाताना तेच गळून पडतात.

दुसरा पेपर शेजारी ठेवू. २००५ मध्ये मॅकएव्हॉय आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा अभ्यास छापला. डिझाईन त्याच जातीचं, पण इथले ४५६ ड्रायव्हर अपघातानंतर हॉस्पिटलमध्ये आलेले. हातातल्या फोनला ४.९, हँड्स-फ्रीला ३.८. टोरांटोत हँड्स-फ्री वर होतं, पर्थमध्ये खाली!

यातून "ऑस्ट्रेलियातली किट चांगली" असा निष्कर्ष काढण्याआधी कॉन्फिडन्स इंटरव्हल बघा. हातातल्या फोनचा १.६ ते १५.५, हँड्स-फ्रीचा १.८ ते ८.०. हे इंटरव्हल एकमेकांवर एवढे चढलेले आहेत, की हँड्स-फ्रीने धोका निम्मा होतो हेही त्यात बसतं आणि दुप्पट होतो हेही. अशा डेटातून "फरक सापडला नाही" असं म्हणता येतं. "फरक नाही" असं म्हणता येत नाही.

मग हाती काहीच लागलं नाही का? लागलं की. हँड्स-फ्रीचा इंटरव्हल १ च्या पूर्णपणे वर आहे. म्हणजे हँड्स-फ्रीवर बोलणं हे न बोलण्यासारखं नाही, याला दोन्ही शहरांचा आधार आहे. हेच या पेपरांचं पक्कं योगदान आहे, आणि गंमत म्हणजे लोक उद्धृत करतात ते दुसरंच.

माझी खरी तक्रार

दोन्ही अभ्यासांत कॉल कधी झाला हे फोन कंपनीच्या नोंदीवरून कळतं. नोंद वेळ सांगते. त्या मिनिटाला फोन कानाला होता की स्पीकरवर, हे सांगत नाही. गाडीत किट बसवलेलं असणं आणि त्या कॉलला ते वापरणं या दोन गोष्टी आहेत. शिवाय '१० मिनिटांत कॉल' या खिडकीत नंबर शोधणं, बोलणं आणि फोन ठेवून झाल्यावर विचारात गढणं, सगळं एकत्र येतं. वर सांगितलेली तीन कामं या रकान्यात वेगळी होतच नाहीत.

आणि १९९४-९५ चं हँड्स-फ्री म्हणजे आपण वर पाहिलेलं किट नव्हेच. ब्लूटूथचं पहिलं स्पेसिफिकेशन १९९९ चं. शब्द तोच राहिला, वस्तू बदलली. त्या आकड्यावरून आजच्या किटबद्दल थेट बोलता येत नाही.

कामं वेगळी केली की चित्र कसं बदलतं बघा. युटा विद्यापीठातल्या स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये प्रयोगशाळेत डोक्याचं काम वेगळं काढलं. फोनवर संभाषण करणाऱ्यांचे सिग्नल जास्त चुकले, आणि फोन हातात आहे की हँड्स-फ्री यावरून फरक पडला नाही. उलट अमेरिकेत व्हर्जिनिया टेकने १०० गाड्यांत कॅमेरे बसवून केलेल्या अभ्यासात हातातल्या फोनवर नंबर लावताना धोका सुमारे २.८ पट, नुसतं बोलताना १.३ पट, आणि हा १.३ तर संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठाम नाही. त्याच संस्थेच्या २००९ च्या ट्रकवाल्यांच्या अभ्यासात हँड्स-फ्रीवर बोलताना धोका चक्क १ च्या खाली आला.

कुणाचं खरं? घाई करू नका. प्रयोगशाळा चुकलेले सिग्नल मोजते, कॅमेरा थोडक्यात टळलेले प्रसंगही मोजतो, टोरांटोचा पेपर प्रत्यक्ष अपघात मोजतो. लांब पल्ल्याचा ट्रकवाला आणि शहरातला कारवाला यांचा दिवसही सारखा नसतो. कॅमेऱ्याला डोळे रस्त्यावरून हटलेले दिसतात, डोकं हटलेलं दिसत नाही. या अभ्यासांना एका तराजूत टाकून सरासरी काढू नका.

एवढं काटेकोर कशासाठी?

कारण या वाक्यावर माणसं गाडी चालवतात. ब्रिटनने डिसेंबर २००३ पासून हातातल्या फोनवर बंदी आणली, हँड्स-फ्रीला सरसकट बंदी केली नाही. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगच्या यादीत आलं ते हातात धरायचं उपकरण. ड्रायव्हर यातून काय ऐकतो? हँड्स-फ्री म्हणजे बिनधास्त. त्याला आपलं पक्कं विधान ऐकवायला हवं: न बोलण्याइतकं सुरक्षित ते नाही. अमेरिकेच्या एनटीएसबीने २०११ मध्ये हँड्स-फ्रीसकट बंदीची शिफारस केली ती याच दिशेने.

पण "दोन्ही सारखंच" असं छापलं की उलटा अर्थही निघतो. दिवसभर टुरिस्ट गाडी चालवणारा माणूस म्हणेल, सारखंच आहे ना, मग किटवर पैसे कशाला घालू, हातातच धरतो. आणि नंबर शोधताना डोळे रस्त्यावरून हटतात, त्याचं काय? तिथे किटचा उपयोग असू शकतो. तो नाही, असं या दोन पेपरांनी दाखवलेलं नाही. आपल्या रिव्ह्यूतलं एक ढिलं वाक्य दोन्ही बाजूंना नुकसान करतं.

तर तुमच्या सिनॉप्सिसमध्ये मूळ वाक्य खोडून असं लिहून बघा: "टोरांटो आणि पर्थ येथील अभ्यासांत हँड्स-फ्री कॉलच्या आसपास अपघाताचा धोका वाढलेला आढळला; हातातल्या फोनच्या तुलनेत तो कमी आहे की जास्त, हे त्या डेटावरून ठरवता येत नाही." लांब झालं, मान्य. गाईड म्हणतील छोटं करा. करा छोटं, पण दुसरा अर्धा भाग कापून नको.

आता गृहपाठ. तुमच्या विषयातलं असंच एक लेबल घ्या: 'शिक्षित', 'नियमित औषध घेणारे', 'इंटरनेट वापरणारे', काहीही. ज्या पेपरवर तुमची सगळी भिस्त आहे त्यात ते कसं मोजलं, हे मेथड्समध्ये जाऊन शोधा आणि दोन ओळींत लिहा. मग त्या लेबलच्या आत किती वेगवेगळ्या गोष्टी आहेत ते मोजा. एकापेक्षा जास्त निघाल्या तर गाईडकडे जाताना ती दोन ओळींची चिठ्ठी सोबत घेऊन जा. व्हायवात हा प्रश्न येण्याआधी तो तिथेच आलेला बरा.