कशिद्याची उलटी बाजू

धारवाड-हुबळीकडचा कशिदा, ज्याला कन्नडमध्ये ‘कसूती’ म्हणतात, आता बहुतेक घरांत आजी नातीला शिकवीत नाही. तो सुटीतल्या शिबिरात नाहीतर दोन-चार दिवसांच्या कार्यशाळेत शिकायला मिळतो. याबद्दल हळहळत बसण्याचे कारण नाही. घरात शिकवणारी राहिली नसेल, तर ते काम वर्गाने करावे हे योग्यच. प्रश्न एवढाच, की वर्गात नेमके काय शिकवले जाते?

शिबिराच्या अखेरीस प्रदर्शन भरते. मोर, हत्ती, रथ, गोपूर, तुळशीवृंदावन, सारे हजर असते. रुमाल काचेच्या चौकटीत बसवलेले असतात. चौकटीमुळे कापडाची एक बाजू झाकली जाते, आणि या कलेची खरी परीक्षा त्याच बाजूवर होते.

कशिद्याचे मुख्य टाके चार : गवंती, मुरगी, नेगी आणि मेंते. पैकी गवंती म्हणजे जाता-येता घातलेला धावदोरा. जाताना एक घर सोडून टाका पडतो, परतताना त्याच वाटेने सुटलेली घरे भरली जातात. मुरगी हीच चाल पायऱ्यापायऱ्यांनी चालते. हे दोन टाके नीट जमले तर कापड सुलट कोणते नि उलट कोणते, ते ओळखू येत नाही. कापडावर छाप नाही, दोऱ्याला गाठ नाही. ताणे-बाणे मोजायचे आणि सुई घालायची. म्हणजे सुई टोचण्यापूर्वीच गोपुराच्या कोणत्या शिखरावर आधी जायचे आणि कुठून परतायचे, ही सारी वाट डोक्यात आखावी लागते. वाट चुकली, की मागे दोरा उडी मारतो आणि ती उडी लपत नाही.

कार्यशाळेत वेळ थोडा असतो. म्हणून ठसठशीत विणीचे मॅटीचे कापड घेतात किंवा कापडावर जाळी टाचून तिची भोके मोजतात, आणि ग्राफच्या कागदावरचा नमुना समोर ठेवतात. नवशिकीला हा आधार हवाच. इरकली लुगड्याची बारीक वीण पहिल्या दिवशी कोणालाही मोजता येणार नाही. तक्रार आधाराबद्दल नाही, तो शेवटपर्यंत सुटत नाही याबद्दल आहे. कागदावर आकृती दिसते, वाट दिसत नाही. मुलगी मोर पूर्ण करते. पण कागद काढून घेतला तर दोन ओळींची साधी किनारही तिला स्वतः रचता येत नाही. मग तिला कशिदा आला असे कसे म्हणावे?

दुसरी गोष्ट शब्दांची. ‘मेंते’ म्हणजे मेथी. दाणे पेरावेत तशा बारीक फुल्या. ‘नेगी’चे नाते ‘नेय्गे’ म्हणजे विणकामाशी. टाका विणल्यासारखा दिसला पाहिजे, ही सूचना नावातच आहे. शिबिरात मात्र मेंते ‘क्रॉस स्टिच’ होते आणि नेगी ‘डार्निंग’. आपल्याकडच्या मराठी घरांना कन्नड नावे परकी वाटण्याचे कारण नाही. संक्रांतीची काळी चंद्रकळा आपण नेसतो, आणि उत्तर कर्नाटकात नववधूच्या काळ्या चंद्रकळेवरच कशिदा काढीत. लुगडे दोघींचे, तर टाक्यांची नावे एकीची म्हणून टाकून का द्यावीत? मेंत्याला ‘मेथी’ म्हटले तरी चालेल. अर्थ तर राहील.

वर्ग भरवणाऱ्यांनी पुढच्या वर्षी दोन बदल करून पाहावेत. शेवटच्या दिवशी नमुन्याचा कागद बाजूला ठेवून प्रत्येकीला चार बोटे रुंदीची किनार स्वतः रचायला सांगावे. ती वेडीवाकडी झाली तरी चालेल. आणि प्रदर्शनात रुमाल चौकटीत न बसवता दोरीवर वाळत घातल्यासारखे टांगावेत. येणाऱ्या बायका पहिल्यांदा रुमालाची मागची बाजूच उलटून पाहतील.