लयकारिका : ‘आत्मघाती पिशवी’ या प्रतिमेची चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शालेय विज्ञानात लायसोसोम या पेशीअंगकासाठी ‘लयकारिका’ हा अर्थवाही शब्द रूढ आहे. त्याच्या जोडीला ‘आत्मघाती पिशवी’ हे वर्णनही येते. पेशी जीर्ण झाली की ही पिशवी फुटते आणि तिच्यातील विकरे त्याच पेशीचे पचन करतात, ही समजूत घेऊनच विद्यार्थी महाविद्यालयात येतो. अल्झायमर आजाराच्या उंदीर-प्रारूपांतून पुढे आलेल्या ज्ञानाच्या कसोटीवर ही प्रतिमा कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रतिमा आणि पुरावा

बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिश्चन द दुव्ह यांनी १९५५ मध्ये लयकारिकांचे अस्तित्व मांडले. १९७४ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. लयकारिकेचे नित्याचे काम मारण्याचे नसून पचनाचे आहे. निकामी प्रथिने व जुनी अंगके तिच्यात येतात, त्यांचे विघटन होते आणि उपयुक्त घटक पेशीला परत मिळतात. त्यासाठी तिचा अंतर्भाग आम्लधर्मी राहावा लागतो.

अमेरिकेतील राल्फ निक्सन व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अल्झायमरच्या पाच उंदीर-प्रारूपांवरील संशोधन प्रसिद्ध केले. आम्लात मावळणाऱ्या रंगाच्या साहाय्याने त्यांनी चेतापेशींतील पचनक्रिया पाहिली. पेशीबाहेर अमायलॉइडचे थर दिसण्यापूर्वीच आतील आम्लता घटली होती. न पचलेले द्रव्य भरून पुटिका फुगल्या होत्या व केंद्रकाभोवती फुलाच्या पाकळ्यांसारख्या पसरल्या होत्या. पुढे लयकारिकांचे आवरण झिरपते, पेशी मरते आणि तिचे अवशेष थराच्या रूपाने उरतात, असा या संशोधनाचा निष्कर्ष आहे.

म्हणजे शालेय प्रतिमेतील ‘फुटणे’ सर्वस्वी खोटे नाही. परंतु ते कथेचा शेवट आहे, आरंभ नव्हे. पेशी जीर्ण झाली म्हणून लयकारिका फुटत नाही; लयकारिकेचे पचन मंदावते म्हणून पेशी जीर्ण होते. प्रतिमेने कार्य आणि कारण यांची अदलाबदल केली आहे.

पुराव्याच्या मर्यादा

हा पुरावाही चिकित्सेविना स्वीकारता येणार नाही. या उंदरांमध्ये मानवी आनुवंशिक अल्झायमरची उत्परिवर्तित जनुके घातलेली असतात. बहुसंख्य रुग्णांत अशी उत्परिवर्तने नसतात. शिवाय अमायलॉइडवर आधारलेल्या बहुतेक प्रारूपांत टाऊ प्रथिनाच्या गाठी तयार होत नाहीत. आम्लता का घटते, हेही वादातीत नाही. प्रेसेनिलिन या प्रथिनाच्या अभावी ती घटते, असे निक्सन यांच्या गटाने २०१० मध्ये मांडले. २०१२ मध्ये अन्य प्रयोगशाळांना त्याच पेशींत आम्लता सामान्य आढळली. उंदीर क्रम सुचवू शकतो. माणसातील क्रम त्यावरून सिद्ध होत नाही.

क्रमाचे महत्त्व

क्रमाचा हा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही, हे आपल्या परिसरातील उदाहरणाने स्पष्ट होईल. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, तेथून वैनगंगेत आणि अखेर गोसीखुर्दच्या जलाशयात उतरते. उगमाशी प्रक्रिया न करता केवळ जलाशय स्वच्छ करू पाहणे अपुरे ठरते. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे औषध मेंदूतील अमायलॉइड कमी करते. मात्र त्यामुळे ऱ्हासाचा वेग काहीसा मंदावतो, ऱ्हास थांबत नाही. पेशीतील बिघाड आधीचा असेल, तर या मर्यादित यशाचा अर्थ लागू शकतो.

समारोप

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार साठ व त्यावरील वयाचे सुमारे ८८ लाख भारतीय स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आहे. आपल्याकडे या अवस्थेला सहजपणे ‘म्हातारचळ’ म्हटले जाते. जीर्ण पेशी आपणच आपला अंत करते, ही वर्गात शिकवलेली प्रतिमा नकळत याच समजुतीला बळ देते : वय झाले, आता इलाज नाही. उंदीर-प्रारूपे सर्व मर्यादांसह एवढे निश्चित सुचवतात की हा वार्धक्याचा अटळ शेवट नसून पचनव्यवस्थेतील बिघाड असू शकतो, आणि बिघाडाचा शोध घेता येतो. ‘लयकारिका’ हा शब्द आपण अवश्य जपावा. ‘आत्मघाती पिशवी’ला मात्र पाठ्यक्रमातून निरोप द्यावा.