वित्तीय गुणोत्तरे आणि कंपनीचे आर्थिक आरोग्य : सत्यम प्रकरणाच्या संदर्भात एक चिकित्सक विचार

सारांश

कंपनीच्या आर्थिक स्थितीचे मूल्यमापन करण्यासाठी गुणोत्तर विश्लेषणाचा वापर वाणिज्य शाखेतील अध्यापनात व संशोधनात मोठ्या प्रमाणावर होतो. मात्र गुणोत्तर काढणे आणि आर्थिक आरोग्य तपासणे या दोन गोष्टी एकच आहेत, असे बहुधा गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे. त्यासाठी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीच्या २००९ मधील प्रकरणातील आकडे आणि साखर कारखान्याच्या हिशेबाचे उदाहरण यांचा आधार घेतला आहे. गुणोत्तर हा निर्णय नसून तो प्रश्न आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

बीजसंज्ञा : गुणोत्तर विश्लेषण, चालू गुणोत्तर, खेळते भांडवल, ऋणको, ताळेबंद, लेखापरीक्षण.

१. प्रस्तावना

गुणोत्तर विश्लेषणावरील लघुप्रबंध व शोधनिबंध यांची एक ठरावीक मांडणी झाली आहे. एखादी कंपनी निवडली जाते, तिचे पाच वर्षांचे वार्षिक अहवाल मिळविले जातात, चालू गुणोत्तर, द्रवता गुणोत्तर, कर्ज-समभाग गुणोत्तर, निव्वळ नफा गुणोत्तर इत्यादी काढून त्यांची सरासरी व प्रमाण विचलन दिले जाते. नंतर आलेल्या आकड्यांची तुलना २:१ किंवा १:१ अशा 'आदर्श' प्रमाणाशी केली जाते आणि कंपनीची आर्थिक स्थिती समाधानकारक असल्याचा निष्कर्ष काढला जातो.

या मांडणीत आकडेमोड बहुधा अचूक असते. उणीव असते ती आकडेमोडीपूर्वीच्या आणि नंतरच्या विचारात. अंशस्थानी व छेदस्थानी असलेले आकडे कोठून आले, ते कोणत्या तारखेचे आहेत आणि त्या व्यवसायात त्यांचा अर्थ काय, हे प्रश्न विचारले जात नाहीत. ही उणीव केवळ शैक्षणिक स्वरूपाची नाही. याच पद्धतीचे शिक्षण घेतलेले विद्यार्थी पुढे बँकेत कर्जप्रस्ताव तपासतात, लेखापरीक्षकांच्या कार्यालयात काम करतात किंवा स्वतः गुंतवणूकदार होतात. त्यांच्या निष्कर्षांवर ठेवीदारांचा पैसा आणि कामगारांची नोकरी अवलंबून असते.

२. 'आदर्श' प्रमाणांची मर्यादा

गुणोत्तरांचा उगम प्रामुख्याने कर्ज देणाऱ्यांच्या गरजेतून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील बँका ऋणकोंच्या चालू मालमत्तेची तुलना चालू देयतांशी करू लागल्या. २:१ या प्रमाणामागील विचार साधा आहे. चालू मालमत्ता विकून निम्मीच किंमत आली तरी देणी भागावीत, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे हे प्रमाण सावध सावकाराचे आहे. उत्तम व्यवस्थापनाचे ते लक्षण असेलच असे नाही.

भारतात तर बँकांनी हे प्रमाण तंतोतंत कधी पाळलेच नाही. रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये नेमलेल्या टंडन समितीने खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी ज्या पद्धती सुचविल्या, त्यांतील दुसऱ्या पद्धतीनुसार चालू मालमत्तेच्या २५ टक्के रक्कम कर्जदाराने दीर्घकालीन स्रोतांतून उभी करणे अपेक्षित होते. यातून किमान चालू गुणोत्तर १.३३ येते. भारतीय बँकव्यवहारात हाच आकडा पुढे दीर्घकाळ रूढ राहिला. असे असताना भारतीय कंपनीचे चालू गुणोत्तर १.४ आले म्हणून तिची द्रवता 'असमाधानकारक' ठरविणे, हे पाठ्यपुस्तकाशी प्रामाणिक असले तरी वस्तुस्थितीशी प्रामाणिक नाही.

शिवाय चालू गुणोत्तर एका दिवसात बदलता येते. समजा, एका कंपनीची चालू मालमत्ता २०० लाख रुपये व चालू देयता १५० लाख रुपये आहे. गुणोत्तर १.३३ येते. ३१ मार्च रोजी तिने ५० लाख रुपये रोख देऊन तेवढी देणी फेडली, तर मालमत्ता १५० लाख व देयता १०० लाख होऊन गुणोत्तर १.५ होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तीच रक्कम पुन्हा उचलली तर ते पूर्वस्थितीवर येते. यात एकही नोंद खोटी नाही. तरीही ताळेबंदातील चित्र आणि वर्षभरातील वास्तव यांत अंतर पडते.

३. सत्यम प्रकरण : गुणोत्तरे काय सांगू शकली असती?

वरील उदाहरणात नोंदी खऱ्या होत्या. नोंदीच खोट्या असतील तर काय होते, याचे उत्तर सत्यम प्रकरणात मिळते. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रात हिशेबातील गैरप्रकारांची कबुली दिली. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख व बँक शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखविली होती. त्यांपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. ३७६ कोटी रुपयांचे उपार्जित व्याज काल्पनिक होते. १,२३० कोटी रुपयांची देयता दाखविलेली नव्हती. २,६५१ कोटी रुपयांच्या ऋणकोंत ४९० कोटी रुपये वाढवून दाखविले होते. पुढे एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू व इतरांना दोषी ठरविले. त्या निकालास अपिलात आव्हान देण्यात आले.

याच पत्रानुसार जुलै ते सप्टेंबर २००८ या तिमाहीत कंपनीने २,७०० कोटी रुपयांचा महसूल व ६४९ कोटी रुपयांचा परिचालन नफा जाहीर केला होता. प्रत्यक्षात ते आकडे अनुक्रमे २,११२ कोटी व ६१ कोटी रुपये होते. हे आकडे कबुलीतील आहेत, ही मर्यादा लक्षात घेऊनही त्यांवरून गुणोत्तरे काढून पाहणे उद्बोधक ठरते.

परिचालन नफ्याचे गुणोत्तर जाहीर आकड्यांनुसार २४ टक्के, तर कबुलीनुसार सुमारे ३ टक्के येते. फरक आठपट आहे. मात्र २४ टक्के हा आकडा त्या काळातील अग्रगण्य माहिती तंत्रज्ञान कंपन्यांशी विसंगत नव्हता. त्यामुळे आंतरकंपनी तुलनेने संशय निर्माण होण्याऐवजी विश्वासच वाढला असता.

आता ऋणको वसुलीचा कालावधी पाहू. तिमाहीचे ९२ दिवस धरल्यास जाहीर आकड्यांनुसार तो सुमारे ९० दिवस येतो. खरे ऋणको २,१६१ कोटी व खरा महसूल २,११२ कोटी धरल्यास तो सुमारे ९४ दिवस येतो. फरक केवळ चार दिवसांचा आहे. खोट्या विक्रीचा शोध ऋणकोंच्या वाढीतून लागतो, असे सामान्यतः शिकविले जाते. येथे मात्र अंश व छेद दोन्ही जवळपास सारख्याच प्रमाणात फुगविलेले असल्याने गुणोत्तर स्थिर राहिले. गुणोत्तराचे स्थैर्य हे हिशेबाच्या सत्यतेचे प्रमाण नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

तिसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. महसुलातील वाढ ५८८ कोटी रुपये आहे आणि नफ्यातील वाढही नेमकी ५८८ कोटी रुपयेच आहे. म्हणजे खोट्या महसुलासोबत कोणताही खर्च आला नाही. तो सर्व नफ्यात आणि तेथून रोख शिल्लकेत जमा होत गेला. द्रवता विश्लेषणात ज्या मालमत्तेविषयी सर्वांत कमी शंका घेतली जाते, त्याच मालमत्तेत हा खोटेपणा साठविला गेला. जेवढी काल्पनिक रोकड अधिक, तेवढे चालू गुणोत्तर उत्तम आणि तेवढी 'द्रवता भक्कम', असा उलटा परिणाम येथे घडला.

मग गुणोत्तरे निरुपयोगी होती काय? तसे म्हणता येणार नाही. काल्पनिक रोकड व काल्पनिक उपार्जित व्याज यांची सांगड घातल्यास ३७६ भागिले ५,०४० म्हणजे सुमारे साडेसात टक्के येतात. मिळालेले नाही परंतु येणे आहे, असे जवळपास वर्षभराचे व्याज ताळेबंदात पडून होते. मुदतीअंती व्याज देणाऱ्या ठेवींत असे घडू शकते. म्हणून हा पुरावा नव्हे. परंतु 'या ठेवी कोणत्या बँकेत, कोणत्या मुदतीच्या?' हा प्रश्न या गुणोत्तरातून निश्चितपणे निर्माण होतो. त्या प्रश्नाचे उत्तर ताळेबंदात नव्हते. ते बँकेकडून थेट मिळवावयाचे होते. २०११ मध्ये अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने कंपनीच्या लेखापरीक्षक संस्थांवर कारवाई करताना नेमके याच त्रुटीवर बोट ठेवले. बँक शिल्लकेची पुष्टीपत्रे पाठविणे व स्वीकारणे लेखापरीक्षकांनी व्यवस्थापनाच्या हाती सोपविले होते, असे आयोगाचे म्हणणे होते.

४. संयुक्त प्रतिमानांचा आधार

एकेका गुणोत्तराची मर्यादा लक्षात आल्यावर अनेक अभ्यासक एडवर्ड ऑल्टमन यांच्या १९६८ च्या झेड-गुणांकाकडे वळतात. पाच गुणोत्तरांना भार देऊन तयार केलेल्या या प्रतिमानात १.८१ पेक्षा कमी गुणांक धोक्याचा, तर २.९९ पेक्षा अधिक गुणांक सुरक्षिततेचा मानला जातो. हे कार्य मोलाचेच आहे. परंतु ते ६६ अमेरिकन उत्पादक कंपन्यांच्या नमुन्यावर उभे आहे. मूळ अभ्यासातच दिवाळखोरीपूर्वी एक वर्ष ९५ टक्के असलेली अचूकता दोन वर्षे आधी ७२ टक्क्यांवर येते. असे असताना मूळ भार व मूळ मर्यादा जशाच्या तशा घेऊन भारतीय सेवा कंपन्यांना किंवा बँकांना लावणे पद्धतीच्या दृष्टीने समर्थनीय नाही. ऑल्टमन यांनी स्वतःही पुढे अन्य प्रकारच्या कंपन्यांसाठी प्रतिमानात बदल केले.

शिवाय सत्यमसारख्या प्रकरणात खेळते भांडवल, राखीव नफा, परिचालन नफा आणि विक्री हे चारही घटक दूषित असतात. पाचवा घटक समभागांच्या बाजारमूल्याचा. परंतु ते मूल्यही याच आकड्यांवर विसंबून ठरलेले असते. पाच दूषित प्रवाह एकत्र केल्याने पाणी शुद्ध होत नाही.

५. व्यवसायाचे ज्ञान : साखर कारखान्याचे उदाहरण

नोंदी खऱ्या असल्या, तरी व्यवसाय समजून न घेता केलेला अन्वयार्थ दिशाभूल करू शकतो. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्यामुळे ३१ मार्च रोजी गोदामातील साखरसाठा वर्षातील उच्च पातळीच्या जवळ असतो. त्या दिवसाच्या साठ्यावरून काढलेली साठा उलाढाल अकारण मंद दिसते, तर साठ्यामुळे वाढलेली चालू मालमत्ता भक्कम भासते. वस्तुतः त्या साठ्याचा मोठा भाग मालतारण कर्जापोटी बँकेकडे गहाण असू शकतो.

धनकोंना देणी देण्याच्या कालावधीबाबत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. हा कालावधी वाढला तर कंपनीला बिनव्याजी उधारी मिळाली, असा अर्थ पाठ्यपुस्तकी पद्धतीने लावला जातो. साखर कारखान्याचा मुख्य धनको म्हणजे ऊस उत्पादक शेतकरी. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे देणे बंधनकारक असून विलंबास वार्षिक १५ टक्के व्याज लागू होते. समजा, ३१ मार्चपर्यंत चाललेल्या १५० दिवसांच्या हंगामात कारखान्याने ३०० कोटी रुपयांचा ऊस घेतला आणि त्या दिवशी ६० कोटी रुपये देणे आहे. नेहमीच्या सूत्राने ३६५ दिवस धरून कालावधी ७३ दिवस येतो. परंतु रोजची खरेदी २ कोटी रुपयांची असल्याने हे देणे प्रत्यक्षात ३० दिवसांच्या उसाचे आहे. शेवटच्या १४ दिवसांचे २८ कोटी रुपये अद्याप मुदतीत आहेत. उरलेले ३२ कोटी रुपये मात्र थकीत आहेत. ७३ हा आकडा यांपैकी काहीही सांगत नाही. ज्या स्थितीला अभ्यासक 'कार्यक्षम खेळते भांडवल' म्हणेल, तिला शेतकरी थकबाकी म्हणतो, आणि कायदाही शेतकऱ्याच्याच बाजूने आहे.

६. संशोधनाची बदललेली जबाबदारी

कंपनी कायदा, २०१३ च्या अनुसूची तीनमध्ये मार्च २०२१ मध्ये करण्यात आलेल्या दुरुस्तीनुसार कंपन्यांना चालू गुणोत्तर, कर्ज-समभाग गुणोत्तर, कर्जफेड क्षमता गुणोत्तर यांसह ११ गुणोत्तरे जाहीर करावी लागतात. अंश व छेदात कोणत्या बाबी घेतल्या हे सांगावे लागते आणि मागील वर्षाच्या तुलनेत २५ टक्क्यांहून अधिक बदल झाल्यास त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागते. याचा शैक्षणिक परिणाम लक्षणीय आहे. जी आकडेमोड आजवर शोधनिबंधाचा गाभा मानली गेली, ती आता कंपनीच स्वतः छापते. यापुढे संशोधकाचे योगदान त्या पलीकडे असावयास हवे.

या दृष्टीने काही सूचना करता येतील. पहिली, एकेकटे गुणोत्तर न पाहता परस्परसंबंधित आकड्यांची सांगड घालावी : रोकड व व्याज, महसूल व खर्च, नफा व प्रत्यक्ष रोकड प्रवाह. मात्र रोकडच खोटी असल्यास रोकड प्रवाह विवरणही खोटे ठरते, हे सत्यम प्रकरणाने दाखविले आहे. म्हणून शक्य तेथे हिशेबाबाहेरील पुरावा शोधावा. दुसरी, सूचीबद्ध कंपन्यांच्या बाबतीत केवळ वर्षअखेरीवर न थांबता सहामाही ताळेबंदही तपासावा. तिसरी, लेखापरीक्षकांचा अभिप्राय, टिपा आणि संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार यांचे वाचन हा गुणोत्तर विश्लेषणाचाच भाग मानावा. चौथी, २५ टक्क्यांहून अधिक बदलाबाबत कंपनीने दिलेले स्पष्टीकरण हेच अभ्यासाचे साहित्य म्हणून घ्यावे.

७. निष्कर्ष

वैद्यकीय क्षेत्रात तापमापकावरील आकडा हे निदान मानले जात नाही; तो तपासणीचा आरंभ असतो. गुणोत्तरांचेही तसेच आहे. सत्यमच्या ऋणको कालावधीतील चार दिवसांचा फरक कोणाच्याही नजरेत भरला नसता; साखर कारखान्याच्या ७३ दिवसांतून थकबाकी दिसली नसती. दोन्ही ठिकाणी सूत्र बरोबर होते, अपुरी होती ती चौकशी. 'आर्थिक स्थिती समाधानकारक आहे' या वाक्याने संपणारा अभ्यास वाचकाला आश्वस्त करतो. परंतु ते आश्वासन देण्याचा अधिकार केवळ भागाकाराने प्राप्त होत नाही. विद्यार्थ्यांना गुणोत्तर काढण्याबरोबरच त्यावर शंका घेण्यास शिकविणे, हे वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांपुढील खरे कार्य होय.